एक टक्का भरला, पण सही राहिली

दिवाळीनंतर इंदूरच्या सुदामानगरातल्या आत्तेभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. आजोबांनी बांधलेलं बैठं घर पाडून तिथे तीन मजले चढवायचं ठरलं होतं. नकाशा निगमात, म्हणजे महापालिकेत, गेला होता आणि आर्किटेक्टनं भरायच्या रकमांची यादी पाठवली होती. त्या यादीतली एक ओळ दादाच्या घशाखाली उतरत नव्हती. "अगं, घर माझं, पैसे माझे, मजूर ठेकेदाराचे. मग हा लेबर सेस माझ्याकडून कसला मागतात? ते काय माझे नोकर आहेत?"

मी बिल्डर आणि ठेकेदार लोकांचे हिशेब लिहिते. हा प्रश्न वर्षातून दहा वेळा तरी ऐकते. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त आकडा हवा असतो. आकडा सांगितला की तो म्हणतो, "ठीक आहे, भरून टाकू, संपला विषय." माझी खरी अडचण इथून पुढे असते, कारण विषय तिथे संपत नाही. पण आधी आकडाच घेऊ, त्याशिवाय कोणी पुढचं ऐकत नाही.

बांधकाम मजूर एका मालकाकडे टिकत नाही. आज सुदामानगर, पुढच्या महिन्यात निपानिया, पावसाळ्यात गावी. गिरणी कामगाराला निदान गिरणीचं फाटक तरी होतं. याला फाटक नाही, मालक नाही, त्यामुळे फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. म्हणून १९९६ साली संसदेनं दोन कायदे केले, क्रमांक २७ आणि २८. सत्ताविसावा मजुरांच्या नोंदणीचा, सुरक्षेचा आणि कल्याण मंडळाचा. अठ्ठाविसावा उपकराचा, म्हणजे दादा विचारत होता त्या लेबर सेसचा; मंडळाच्या तिजोरीत पैसे कुठून यायचे त्याचा. कल्पना सोपी आहे. मालक बदलत राहतात ना, मग प्रत्येक मालकानं आपल्या बांधकामाच्या खर्चातला एक टक्का एका सामाईक हंडीत टाकायचा आणि मजूर कुठेही काम करत असला तरी त्याला त्या हंडीतून मिळायचं. कायद्यात उपकर एक ते दोन टक्के ठेवता येतो, सरकारनं एक टक्का ठरवला. आपल्याकडे मध्य प्रदेशात मंडळ आणि वसुली दोन्ही २००३ पासूनची. मंडळाचं लांबलचक नाव आहे भवन एवं अन्य संनिर्माण कर्मकार कल्याण मंडल, बसतं भोपाळला. श्रमायुक्तांचं कार्यालय मात्र इंदुरात आहे. गिरण्यांचं गाव होतं ना आपलं.

आता हे दोन्ही कायदे त्याच नावानं उरलेले नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. सुरक्षेचा आणि सोयींचा भाग व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत गेला. कल्याण मंडळ आणि उपकर सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. हाडं तीच आहेत, काही ठिकाणी आकडे बदललेत. कुणाची जुन्या काळातली थकबाकी असेल तर "कायदाच गेला" म्हणून ती माफ होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. गेल्या काही महिन्यांत दोघांनी तरी मला ही युक्ती ऐकवली.

दादाचं घर घेऊ. प्रत्येक मजल्यावर हजार फूट, तीन मजल्यांचे तीन हजार. फुटाला अठराशे रुपये धरले तर ५४ लाख. जमिनीची किंमत यात धरायची नाही, नियमातच तसं लिहिलंय. इंदुरात हे फार मोठं सुख आहे, कारण आता घरापेक्षा प्लॉट महाग. सिमेंट, सळई, मजुरी, लाइट फिटिंग, नळ, असं बांधकामाला लागणारं बाकी सगळं येतं. ५४ लाखांचा एक टक्का ५४ हजार.

जुन्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराला सूट होती, पण खर्च १० लाखांपर्यंत असेल तरच. १९९६ साली दहा लाखांत बंगला व्हायचा. आता दहा लाखांत जिना आणि गच्ची होते. नव्या संहितेत ही मर्यादा ५० लाख केली आणि सरकारला ती आणखी वाढवताही येते. हे चांगलं झालं. मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एकदा घर बांधतो, त्याला बिल्डरच्या रांगेत उभं करण्यात अर्थ नव्हता. पण एक बारकावा लोक हमखास चुकवतात. ही आयकरासारखी पायरी नाही. ५४ लाखांचं घर असेल तर वरच्या चार लाखांवर नव्हे, पूर्ण ५४ लाखांवर एक टक्का लागतो. ४९ लाखांना शून्य, ५४ लाखांना ५४ हजार.

हे कळल्यावर दादा दोन सेकंद गप्प बसला आणि मग जे प्रत्येक जण म्हणतो तेच म्हणाला, "मग ४९ दाखवू ना."

मी त्याला विचारलं, बँकेला किती दाखवलेस? लोनसाठी त्यानं ६२ लाखांचा अंदाज दिला होता. मग फोनवर दोघंही हसलो. बँकेसमोर घर महाग आणि निगमासमोर स्वस्त, ही कसरत घरोघरी चालते, पण दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची असते. जुन्या कायद्यात खोटी माहिती भरल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होतं. हजार रुपयांचं कुणाला भय वाटत नाही, पण उशिराचं व्याज दरमहा दोन टक्के होतं आणि वर उपकराच्या रकमेपर्यंत दंड लावता येत होता. ५४ हजारांवर दोन टक्के म्हणजे महिन्याला १०८० रुपये. आमच्या एका ओळखीच्या बिल्डरनं चार वर्षं दुर्लक्ष केलं आणि मग व्याजच मुदलाच्या बरोबरीला आलं. तरीही भरलं नाही तर ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे तहसीलची नोटीस येते.

आणि "राहतं घर" म्हणजे राहतंच. दादाच्या मनात तळमजल्यावर दोन दुकानं काढायची होती. दुकानं भाड्यानं द्यायला काढली की "स्वतःच्या राहण्यासाठी" हा शब्द डळमळतो आणि सवलतीचा मुद्दा तिथेच लंगडा होतो. फ्लॅट बांधून विकणाऱ्याला तर सूट नाहीच, रक्कम कितीही लहान असो.

भरायचं कधी? जिथे नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो तिथे अर्जाबरोबरच, अंदाजित खर्चावर, असं १९९८ च्या नियमातच होतं. म्हणून निगमाच्या यादीत ती ओळ येते. काम वर्षाच्या वर चाललं तर वर्षा-वर्षाला आणि शेवटी खरा खर्च काय झाला त्यावर हिशेब. नव्या संहितेत मालकानं स्वतःच आकारणी करायची आहे आणि बांधकाम पूर्ण झाल्यावर ६० दिवसांत भरायचं आहे, आधी भरलेलं वजा करून. सोपी गोष्ट ही की पावती फाइलला लावा. सुरुवातीला भरलेल्या उपकराची पावती हरवली की शेवटी दुसऱ्यांदा भरण्याची वेळ येते, आणि निगमात जुनं चलान शोधायला लागणारा वेळ हिशेबात धरला तर दुसऱ्यांदा भरणं स्वस्त पडतं, असं म्हणणारेही मी पाहिलेत.

सरकारी कामात हा गोंधळ नसतो. तिथे ठेकेदाराच्या बिलातूनच एक टक्का कापला जातो. पुलाचं, रस्त्याचं, शाळेच्या खोलीचं बिल निघालं की सेस कापूनच. मध्य प्रदेशातल्याच वसुलीवरून एका ठेकेदार कंपनीनं यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण नेलं होतं. तिचं म्हणणं, मजुरांची नोंदणीच झालेली नाही, फायदे मिळत नाहीत, मग आमच्याकडून पैसे कशाला? २०१५ साली न्यायालयानं हे मान्य केलं नाही. आधी पैसे जमतील, तरच पुढे फायदे देता येतील. त्याआधी २०११ साली दिल्लीच्या एका खटल्यात न्यायालयानं हेही सांगितलं होतं की हा कर नव्हे, शुल्क आहे, एका विशिष्ट कामासाठी घेतलेलं. हा फरक वकिली वाटतो, पण महत्त्वाचा आहे. कराचा पैसा सरकारनं कुठेही वापरावा. शुल्काचा पैसा ज्यासाठी घेतला त्यासाठीच.

पीथमपूरकडे शेड टाकणारे काही जण म्हणतात, आमचा कारखाना आहे आणि कारखान्याला हा कायदा नाही. अर्धं खरं आहे. कारखाना चालू असेल तर त्याला कारखान्याचा कायदा लागायचा. पण कारखाना अजून उभाच राहायचा असेल, तर त्याच्या भिंती बांधणारे मजूर बांधकाम मजूरच. २०१६ च्या निकालात न्यायालयानं हे स्पष्ट केलं.

आता दादाचा मूळ प्रश्न. ते मजूर माझे नोकर आहेत का?

कायद्यातला "नियोजक", म्हणजे कामावर ठेवणारा, हा शब्द मुद्दाम मोठा ठेवलाय. मालक त्यात येतो, ठेकेदार येतो, सरकारी खातं असेल तर त्याचा प्रमुख येतो. ठेकेदारानं मजूर आणले तरी मालक हात झटकू शकत नाही, कारण ठेकेदार पळाला तर पुढचं दार मालकाचंच. त्यामुळे दादानं पहिलं काम हे करायला हवं होतं की ठेकेदाराबरोबरच्या कागदावर उपकर कोण भरणार, ते एका ओळीत लिहून घ्यायचं. आमच्या भागात ठेका बहुतेक तोंडी ठरतो. "भाभी, सब हो जाएगा" एवढाच करार. मग निगमात मालक भरतो, ठेकेदारही आपल्या दरात एक टक्का धरतो, आणि मालकाच्या खिशातून तीच रक्कम दोनदा जाते. दादाच्या ठेकेदाराच्या दरपत्रकात "लेबर टॅक्स" म्हणून एक ओळ होतीच. काढून टाकायला सांगितली.

दहा मजूर असले की कायदा लागतो, तो नियम समजून घ्यायचा तर स्लॅबच्या दिवशी साइटवर जावं. मी फेब्रुवारीत गेले होते, दादाचा पहिला स्लॅब होता. एरवी त्या साइटवर दोन मिस्त्री, दोन बेलदार आणि दोन बाया असायच्या, म्हणजे सहा. पण स्लॅबची टोळी वेगळी येते, मिक्सर आणि लिफ्ट घेऊन, आणि एका दिवसात काम उरकून जाते. सकाळी सात वाजता मी मोजलं, तेवीस माणसं होती. मिक्सरवर दोघं, रेती-गिट्टीच्या घमेल्यांची रांग, वर पसरवणारे, व्हायब्रेटर धरणारा एक पोरगा. बायकांना इथे रेजा म्हणतात. आठ रेजा होत्या, बहुतेक झाबुआ आणि अलीराजपूरकडच्या. रेतीच्या ढिगाशेजारी साडीची झोळी बांधून एक बाळ झोपवलं होतं आणि त्याच्याहून थोडी मोठी मुलगी त्या झोळीला दोरीनं झोका देत होती.

दादा म्हणाला, "माझ्याकडे तर सहाच जण असतात." १९९६ च्या कायद्याची भाषा अशी होती की गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा जास्त मजूर असतील, तर ती आस्थापना कायद्यात येते. रोजची सरासरी मोजायची नाही. त्या एका स्लॅबच्या दिवसानं दादाचं घर दहाच्या वर गेलं होतं. नव्या संहितेतही दहाचा आकडा कायम आहे. एकदा आत आलात की साठ दिवसांत नोंदणी करायची, हजेरी आणि मजुरीची नोंद ठेवायची, आठ तासांवर काम घेतलं तर दुप्पट दरानं मजुरी द्यायची. आता प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्रही द्यायचं आहे. मिस्त्रीला नेमणुकीचं पत्र! दादाला हे ऐकून ठसका लागला. मला मात्र ही तरतूद या सगळ्यातली सर्वात उपयोगाची वाटते. का ते पुढे येईल.

सोयींचं बोलायचं तर मोठमोठ्या यादीपेक्षा दोन गोष्टी आधी बघाव्यात, पाणी आणि संडास. त्या दिवशी पाण्याचा ड्रम होता, त्यावर झाकण नव्हतं. संडास नव्हता. जुन्या घराचा पाडला होता, नव्याचा अजून झाला नव्हता. आठ बाया दिवसभर कुठे जात असतील, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. वहिनीनं दुपारी शेजारच्या काकूंकडे जाऊन विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, त्या दोन महिन्यांपासून आमच्याच मागच्या संडासात येतात, तुम्हाला माहीत नव्हतं?" काम चालू असलेल्या जागी पिण्याचं पाणी आणि स्त्री-पुरुषांसाठी संडास देणं ही मालकाची जबाबदारी आहे. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा एक तात्पुरता संडास उभा राहिला, चेंबरला पाइप जोडून. फार खर्च आला नाही.

मोठ्या साइटची गोष्ट वेगळी. जुन्या कायद्यात पाळणाघर पन्नासच्या वर बायका असतील तरच लागायचं. आता पन्नासच्या वर कामगार असतील, स्त्री असो वा पुरुष, तरी लागतं. उपाहारगृहाची मर्यादा अडीचशेवरून शंभरावर आलीय. बायपासकडच्या आणि सुपर कॉरिडॉरच्या टॉवर बांधणाऱ्यांनी हे आकडे पाठ करून ठेवावेत. दादासारख्यांना त्यांची गरज नाही.

परांचीवरून माणूस पडला तर काय, हे मात्र दादासारख्यांनाच जास्त लागू आहे, कारण मोठे बिल्डर विमा काढतात आणि घर बांधणारा काढत नाही. उपकर म्हणजे विमा नव्हे. ही चूक मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनही ऐकलीय. "आम्ही लेबर सेस भरलाय, काही झालं तर मंडळ बघेल." मंडळ मदत देईल, ती नोंदणी झालेल्या मजुराला आणि तीही ठरलेली. कामावर असताना मृत्यू झाला तर भरपाई नियोजकाकडूनच येते. हिशेब असा होतो. महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसारचा एक आकडा. २०२० पासून मजुरीची मर्यादा १५,००० धरली जाते. तीस वर्षांच्या मजुरासाठी आकडा २०७.९८. म्हणजे साडेसात हजार गुणिले २०७.९८, होतात १५,५९,८५० रुपये. ठेकेदाराकडे ते नसतील तर मालकाकडे मागितले जातात. मालकानं मग ठेकेदाराकडून वसूल करत बसावं. दादानं आकडा कागदावर लिहून घेतला आणि त्याच आठवड्यात विमा उतरवला. बाकी सगळं ऐकताना तो कुरकुरत होता. या आकड्यावर कुरकुरला नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

हंडीत एक टक्का पडतो. हंडीतून बाहेर काढायला मात्र किल्ली लागते, आणि ती किल्ली मजुराच्या नोंदणीची आहे. वय १८ ते ६० आणि गेल्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम. एवढं असेल तर मजुराची मंडळात नोंदणी होते आणि मग बाळंतपणाची मदत, मुलांच्या शिक्षणाची, मुलीच्या लग्नाची, मृत्यूनंतर कुटुंबाला, अशा योजना उघडतात. मंडळाच्या पैशातून भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूरला श्रमोदय निवासी विद्यालयं चालतात, फक्त अशा मजुरांच्या मुलांसाठी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा राज्य सरकारनं बांधकाम मजुरांच्या खात्यात हजार-हजार रुपये टाकले. ज्यांची नोंदणी होती त्यांच्या खात्यात. शेजारच्याच झोपडीतल्या, तेच काम करणाऱ्या, पण नोंदणी नसलेल्या माणसाच्या खात्यात काही आलं नाही.

नव्वद दिवस काम केलं हे सिद्ध कोण करणार? सर्वात सरळ पुरावा म्हणजे ज्याच्याकडे काम केलं त्याची सही. आणि इथे सगळं अडकतं.

आमच्या घरचीच गोष्ट आहे. बाबांनी पंधरा वर्षांपूर्वी घरावर मजला चढवला तेव्हा एक मिस्त्री साडेतीन महिने रोज येत होता. चहा आमच्याकडेच व्हायचा त्याचा. काम झाल्यावर काही महिन्यांनी तो एक फॉर्म घेऊन आला. मुलीचं लग्न ठरलं होतं, मंडळाची मदत मिळते असं कुणी सांगितलं होतं, त्यासाठी नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी ही सही. बाबांनी फॉर्म दोनदा वाचला. मग म्हणाले, "तू ठेकेदाराचा माणूस. माझी सही कशी चालेल?" खरं कारण वेगळं होतं, ते त्यांनी नंतर आईला सांगितलं. सही केली की लिखापढी झाली, उद्या कुणी विचारलं तर? मिस्त्री ठेकेदाराकडे गेला असणार. ठेकेदारानंही सही केली नसणार, कारण त्याला आपल्याकडे किती माणसं आहेत हे कागदावर नको असतं. लग्न कर्ज काढून झालं. पुढच्या वर्षी तोच मिस्त्री आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला आला, तेव्हा त्याच्याकडूनच कळलं. बाबांनी त्याला दोनशे रुपये जास्त दिले. उपकर मात्र आम्ही भरला होता, पावती अजून कपाटात आहे.

सहीची भीती समजण्यासारखी आहे, पण बिनबुडाची आहे. सही करून तुम्ही एवढंच सांगता की या माणसानं माझ्या जागी इतके दिवस काम केलं. जे झालंय तेच. त्यातून तुम्ही त्याचे कायमचे मालक होत नाही. भीती खरी असते ती ज्यानं दहाच्या वर माणसं ठेवून नोंदणी केलेली नाही त्याला, आणि त्यावर उपाय सही नाकारणं हा नाही, नोंदणी करणं हा आहे.

दुसरी गोष्ट, नव्वद दिवस एकाच जागी भरायला हवेत असं कायदा म्हणत नाही. चाळीस इथले, तीस तिथले, वीस आणखी कुठले, बेरीज झाली की झालं. म्हणून "माझ्याकडे तर महिनाभरच होता" हे कारण चालत नाही. महिनाभर होता ना, मग महिन्याची सही द्या. आणि म्हणूनच नेमणुकीचं पत्र मला आवडतं. ते पत्र हातात असलं की मजुराला फॉर्म घेऊन जुन्या मालकाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

झाबुआकडच्या मजुरांचे दिवस तुटण्याचं आणखी एक कारण आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट, म्हणजे तिकडच्या आदिवासींचे जत्रेसारखे बाजार, भरतात आणि इंदूरच्या साइट्स ओस पडतात. ठेकेदार कितीही ओरडला तरी कोणी थांबत नाही, आणि थांबूही नये. मग पेरणी येते, कापणी येते. वर्षात कामाचे दिवस तसे नव्वदच्या वर भरतात, पण ते पाच-सहा साइट्सवर विखुरलेले असतात. हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते, ती वही पुढच्या वर्षी हरवते. उचल किती घेतली ते पान मात्र कधी हरवत नाही.

या सगळ्याचा देशभरचा हिशेब सर्वोच्च न्यायालयात २०१८ साली उघडा पडला. बांधकाम मजुरांसाठी कायदा व्हावा म्हणून ऐंशीच्या दशकापासून झटणारी एक राष्ट्रीय समिती न्यायालयात गेली होती, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर तिच्याशी जोडलेले होते. निकालात आकडे आले. ३७,४०० कोटींहून जास्त उपकर जमा, मजुरांवर खर्च साधारण ९,५०० कोटी. म्हणजे मालकांनी बुडवलं ते वेगळंच, पण जे भरलं त्यातलंही चारातले तीन रुपये तिजोरीत पडून. इंदूरच्या माणसाला यात नवल वाटू नये. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी निघाले ते २०२३ च्या डिसेंबरात. पैसा असतो, तो ज्याचा आहे त्याच्यापर्यंत चालत जायला मात्र वर्षं लागतात.

सरकारच्या बाजूनं नोंदणी मोहिमा निघतात, निगमाच्या झोनवर, गावात जनपद पंचायतीत. खोट्या नोंदण्याही होतात, ज्यांनी कधी वीट उचलली नाही अशांच्या, मग त्या रद्द करताना खऱ्यांचीही नावं उडतात. पण त्यावर दादाचा किंवा माझा ताबा नाही. आपला ताबा एका वहीवर आणि एका सहीवर आहे.

दादानं स्लॅबनंतर वही घातली. शाळेची दोनशे पानी वही, आडव्या रेघा मारून. रोज संध्याकाळी वहिनी खाली जाऊन हजेरी लिहिते, नाव, गाव, किती मजुरी दिली, कोणी अंगठा केला. ठेकेदाराला ते आवडलेलं नाही. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "भाभीजी, इतना कौन लिखता है." वहिनी म्हणाली, मी लिहिते.

मागच्या रविवारी मी तिथे होते. प्लास्टर चालू होतं. थोरला मिस्त्री, धारकडचा, चहाच्या वेळी फॉर्म घेऊन आला. वहिनीनं वही काढली आणि मोजायला लागली. भगोरियाची आठ दिवसांची रिकामी जागा, मग सलग, मग मध्ये एक दिवस ताप. वही घालण्याआधीचे दिवस दादानं ठेकेदाराला पाठवलेल्या पैशांच्या मोबाइलमधल्या नोंदींवरून जुळवले. सगळे मिळून एकसष्ट भरले. दादानं फॉर्मवर एकसष्ट लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली. मिस्त्रीनं विचारलं, "नव्वद नाही लिहिता येणार?" दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, झाले तेवढेच. उरलेले एकोणतीस जिथे झाले तिथून आण.

ते निपानियाच्या एका घरावर झालेत, दिवाळीच्या आधी. मिस्त्री तिथे दोनदा जाऊन आलाय. त्या घराचे मालक म्हणतात, ठेकेदाराला विचार.